शितावरून भाताची परीक्षा : वृषपर्वा तारकासमूहातील पाच तांबडे तारे आणि विज्ञानबातमीचा छेद

१९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी आकाशनिरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षींच्या दिशेला असलेल्या एम १०१ या दीर्घिकेत एक नवा तेजस्वी ठिपका दिसला. सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या दीर्घिकेतील एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. एसएन २०२३आयएक्सएफ असे नाव मिळालेल्या या अतिनवताऱ्याकडे काही दिवसांतच जगभरच्या दुर्बिणी वळल्या. लडाखमधील हानले येथील हिमालय चंद्र दुर्बीण आणि ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील जंबुपार दुर्बीणही त्यांत होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील संशोधकांनी त्या निरीक्षणांवर शोधनिबंध लिहिले आणि त्यांच्या बातम्याही झाल्या.

त्या बातम्यांत एका प्रश्नाला मात्र फारशी जागा मिळाली नाही. स्फोट पावलेला तारा मुळात किती जड होता? स्फोटापूर्वीच्या जुन्या प्रतिमांत तो सापडला होता. धुळीच्या आवरणात गुरफटलेला तो एक तांबडा महाराक्षसी तारा होता. त्याच प्रतिमांवरून एका गटाने त्याचे मूळ वस्तुमान सूर्याच्या ८ ते १० पट काढले, दुसऱ्याने ११ पट, आणखी एकाने १७ पट, तर कोणी २० पट. ज्या ताऱ्याचा मृत्यू जगाने जवळजवळ तासातासाने टिपला, त्याच्या वजनाबाबत एवढी तफावत उरली.

ही तफावत किरकोळ नाही. सूर्याच्या १० पट जड तारा सुमारे अडीच कोटी वर्षे जगतो. २० पट जड ताऱ्याचे आयुष्य एक कोटी वर्षांच्या आसपास संपते. दोघांच्या गाभ्यात घडणारा ऑक्सिजन वेगळ्या प्रमाणात असतो आणि मृत्यूनंतर मागे उरणारा अवशेषही वेगळा असू शकतो. २००९ मध्ये स्टीफन स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, स्फोटापूर्वीच्या प्रतिमांत ओळखता आलेल्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांमध्ये सूर्याच्या साधारण १७ पटींहून जड तारे दिसत नाहीत. मग त्याहून जड तारे स्फोटाविनाच कृष्णविवरात कोसळतात काय? की वस्तुमान मोजण्याच्या रीतीतच चूक आहे? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची किल्ली अतिनवताऱ्यांच्या झगमगाटात सापडण्याची शक्यता कमी आहे. ती बऱ्याच अंशी तरुण तारकागुच्छांच्या संथ, बातमीत न येणाऱ्या अभ्यासात आहे.

मराठीत ‘शितावरून भाताची परीक्षा’ असे म्हणतात. ही परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातील सगळी शिते एकाच वेळी, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. पातेल्याबाहेर सांडलेले एकटे शीत उचलले, तर ते केव्हा शिजले हे सांगता येत नाही. आकाशातील एकट्या ताऱ्याची स्थिती त्या सांडलेल्या शितासारखी असते. त्याचे अंतर चुकले की तेजस्विता चुकते. तेजस्विता चुकली की वस्तुमान चुकते. वस्तुमान चुकले की वयही चुकते.

खुला तारकागुच्छ म्हणजे ते पातेले. वायू आणि धूलिकणांच्या एकाच मेघातून शेकडो, क्वचित हजारो तारे जवळपास एकाच काळात जन्मतात आणि काही काळ परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहतात. कृत्तिका हा सर्वांच्या ओळखीचा तरुण गुच्छ. त्याचे वय सुमारे १० कोटी वर्षे. सूर्याच्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यापुढे हे बाळपणच म्हणावे लागेल. गुच्छातील तारे पृथ्वीपासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यांचे वय आणि मूळ रासायनिक घडण साधारण सारखी असते. फरक मुख्यतः वस्तुमानाचा असतो. त्यांचा रंग आणि तेजस्विता एका आलेखावर मांडली की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यावर बसतात. हा मुख्य अनुक्रम. जड तारे आपले हायड्रोजनचे इंधन आधी संपवतात आणि पट्टा सोडून जातात. पट्टा जिथे वळतो तो वळणबिंदू गुच्छाचे वय सांगतो, आणि पट्टा सोडून पुढे गेलेले महाराक्षसी तारे त्या वयाच्या ताऱ्याचे पुढे काय होते ते दाखवतात.

अडचण अशी की ताऱ्याची तांबडी महाराक्षसी अवस्था अल्पजीवी असते. दीड-दोन कोटी वर्षांच्या आयुष्यातील जेमतेम दहावा भाग, अनेकदा त्याहूनही कमी काळ, तारा या अवस्थेत काढतो. त्यामुळे बहुतेक तरुण गुच्छांत असा तारा एखादाच असतो किंवा एकही नसतो. म्हणूनच एनजीसी ७४१९ या गुच्छाचे महत्त्व विशेष आहे. वृषपर्वा तारकासमूहात, सुमारे १० हजार प्रकाशवर्षांवर असलेल्या या गुच्छात एक ना दोन, तब्बल पाच तांबडे महाराक्षसी तारे आहेत. त्यांपैकी एमवाय सेफी हा ज्ञात तांबड्या महाराक्षसींमधील सर्वांत थंड ताऱ्यांत गणला जातो. याउलट या गुच्छात निळा महाराक्षसी तारा एकही नाही. इतर अनेक तरुण गुच्छांत निळे अधिक आणि तांबडे कमी असतात. येथे पाच विरुद्ध शून्य. शिवाय तप्त बी-वर्गीय ताऱ्यांपैकी मोठा हिस्सा वर्णपटात हायड्रोजनच्या उत्सर्जन-रेषा दाखवणाऱ्या बी-ई ताऱ्यांचा आहे. हे तारे स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतात आणि त्यांच्या विषुववृत्ताभोवती वायूची तबकडी तयार होते.

या गुच्छाचा एक महत्त्वाचा अभ्यास बंगळुरूतून झाला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधासाठी हानलेच्या दोन मीटर व्यासाच्या हिमालय चंद्र दुर्बिणीची निरीक्षणे वापरली गेली. ही दुर्बीण सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे आणि बंगळुरूपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील होसकोटे येथून उपग्रह-दुव्याद्वारे चालवली जाते. हिमालयातील कडाक्याच्या थंडीतले यंत्र दख्खनच्या पठारावरील एका खोलीतून रात्रभर हलवले जाते, ही व्यवस्था आता पाव शतकाची झाली आहे.

गुच्छ आणि पृथ्वी यांच्यामधल्या धुळीने या गुच्छाचा दृश्य प्रकाश सुमारे शंभरपट मंद केला आहे. तरीही २००६ च्या अभ्यासाने वळणबिंदूवरून त्याचे वय सुमारे २.५ कोटी वर्षे काढले, आणि सोबत एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली : गुच्छात ३० लाख वर्षांहूनही कमी वयाचे, अजून मुख्य अनुक्रमावर न पोहोचलेले तारे असल्याच्या खुणा. म्हणजे पातेल्यात काही तांदूळ मागाहून पडले असावेत.

पुढे काय झाले ते अधिक उद्‌बोधक आहे. २०१३ मध्ये अम्पारो मार्को आणि इग्नासियो नेगेरुएला या स्पेनमधील संशोधकांनी त्याच गुच्छाचे वय सुमारे १.४ कोटी वर्षे काढले. २०१९ मध्ये एमा बीझर आणि सहकाऱ्यांनी चार तरुण गुच्छ घेतले. आकाशगंगेतील दोनांपैकी एक हाच, आणि दुसरा ययाती तारकासमूहातील सुप्रसिद्ध जोडगुच्छापैकी एक. त्यांनी वय तीन रीतींनी मोजले : वळणबिंदूजवळील सर्वांत तेजस्वी ताऱ्यावरून, वळणबिंदूभोवतीच्या ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या वाटणीवरून आणि सर्वांत मंद तांबड्या महाराक्षसीवरून. वळणबिंदूवरून येणारे वय दर वेळी कमी भरले. केवळ ताऱ्यांच्या वेगवान परिवलनाने किंवा न ओळखता आलेल्या जोडताऱ्यांमुळे हा फरक पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या तर्कानुसार वळणबिंदूच्या वर दिसणारे काही तेजस्वी तारे खरे तरुण नाहीत. ते जोडीदाराचे वस्तुमान शोषून किंवा जोडीदारातच विलीन होऊन नव्याने जड झालेले असावेत. दोन शिते चिकटून एक मोठे शीत व्हावे, तसे. त्यांना साधी तरुण धरून गुच्छाचे वय काढले तर वय कमी येते आणि महाराक्षसींचे मूळ वस्तुमान वास्तवापेक्षा जास्त ठरते.

येथे अतिनवताऱ्याच्या वजनाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. वृषपर्व्यातील पाच ताऱ्यांचे मूळ वस्तुमान सूर्याच्या ९-१० पट की १४-१५ पट, हे ठरल्याशिवाय दूरच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे वजन सांगणाऱ्या प्रतिमानांवर कितपत विसंबावे, हेही ठरत नाही. गुच्छ हा वजनकाट्यावरचा प्रमाणित दगड आहे. दगडच हलका-भारी असेल तर काट्यावरील आकड्याला अर्थ उरत नाही.

एका गुच्छाची अशी निरनिराळी वये पाहून सामान्य वाचकाला वाटेल की शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही. हा समज पसरतो तो विज्ञानबातमीच्या एका जुन्या सवयीमुळे. बातमीला एक आकडा हवा असतो, आणि तो ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत दूरचा’ असला तर अधिक बरे. आकड्यासोबतची त्रुटीमर्यादा मथळ्यात मावत नाही म्हणून गळते आणि पुढच्या परिच्छेदातही परत येत नाही. मग सात वर्षांनी दुसरा आकडा आला की तो ‘खळबळजनक’ ठरतो. वास्तविक २.५ कोटी आणि १.४ कोटी यांमधील अंतर हीच खरी बातमी आहे. त्या अंतरात ताऱ्यांचे परिवलन आहे, जोडतारे आहेत, धुळीचा असमान पडदा आहे आणि कोणता तारा खरोखर गुच्छाचा व कोणता केवळ त्या दिशेला दिसणारा पाहुणा हा अवघड निवाडा आहे. ते अंतर दडवणे म्हणजे विज्ञानाची रीत दडवून फक्त निकाल वाटणे होय.

२०१९ च्या अखेरीपासून आर्द्रा, म्हणजे काक्षी तारा, अचानक मंदावला तेव्हाही हेच घडले. पेरणीच्या हिशेबात ज्या नक्षत्राचे नाव महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यानपिढ्या घेत आला आहे, तो तारा ‘आता फुटणार’ अशा मथळ्यांनी जगभरची माध्यमे भरली. २०२० च्या वसंतात तारा पूर्ववत झाला. त्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आणि पृष्ठभागाचा थंडावलेला भाग ही मंदीची कारणे पुढे आली. त्या गदारोळात एवढेही फारसे कोणी सांगितले नाही की, हा तारा इतका तेजस्वी आहे की ‘गाया’सारख्या अचूक उपग्रहालाही त्याचे अंतर नीट मोजता येत नाही, निरनिराळे अंदाज साधारण ५५० ते ७२० प्रकाशवर्षे असे पसरलेले आहेत. आर्द्रा हे सांडलेले शीत आहे. डोळ्यांना तो सर्वांत परिचित तांबडा महाराक्षसी तारा आहे, पण वयाची साक्ष देणारे शेजारी त्याच्याजवळ नाहीत.

बातमीत न येणाऱ्या कामाचे आणखी एक उदाहरण बंगळुरूचेच आहे. ब्लेसन मॅथ्यू, अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि बी. सी. भट्ट यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात २०७ खुले तारकागुच्छ तपासले. ४२ गुच्छांत मिळून १५७ उत्सर्जन-रेषा तारे सापडले. त्यांपैकी ५४ नवे होते. बातमी झालीच असती तर ती या ५४ ताऱ्यांची झाली असती. परंतु सर्वेक्षणाचा कणा आहे तो उरलेल्या १६५ गुच्छांत, जिथे काहीच सापडले नाही. ते १६५ मोजले म्हणूनच ‘सुमारे २० टक्के गुच्छांत असे तारे आढळतात’ हे विधान करता आले. अंश सगळ्यांना दिसतो. छेद मिळवण्यासाठी रात्री घालवाव्या लागतात. एनजीसी ७४१९ हा गुच्छ असाधारण आहे हेही त्या छेदाशिवाय सांगता आले नसते.

शिवाय हा छेद एकदा मोजून संपत नाही. बी-ई ताऱ्यांची तबकडी कायम टिकत नाही. ती काही वर्षांत विरते आणि पुन्हा तयार होऊ शकते. आज रिकामा दिसलेला गुच्छ दहा वर्षांनी रिकामा असेलच असे नाही. म्हणून तोच गुच्छ, शक्य तर त्याच यंत्राने, पुनःपुन्हा पाहणे हे अशा अभ्यासाचे पथ्य ठरते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन मीटरची दुर्बीण आज जगाच्या दृष्टीने लहान आहे. तीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे. हानले येथे १० मीटरहून मोठ्या राष्ट्रीय दुर्बिणीचा आणि अंतराळात जंबुपार दुर्बिणीचा प्रस्ताव बंगळुरूच्या संस्थेने मांडलेला आहे. अंधूक ताऱ्यांचे तपशीलवार वर्णपट, धुळीआडचे गुच्छ, शेजारच्या दीर्घिकांतील महाराक्षसी तारे यांसाठी मोठा आरसा लागतोच. मोठ्या दुर्बिणी नकोत, असे म्हणणे आत्मघात ठरेल.

तरीही मोठ्या दुर्बिणीची रात्र महाग असते, आणि महाग रात्री घाईच्या प्रश्नांना मिळतात. ‘या गुच्छाकडे पुढील पंधरा वर्षे दर वर्षी पाहायचे आहे’ हा प्रस्ताव तिथे टिकणे कठीण. तो टिकू शकतो दोन मीटरच्या दुर्बिणीवर, आणि कावलूरच्या वेणू बाप्पू वेधशाळेसारख्या जुन्या ठिकाणी. क्षणिक घटनांच्या पाठलागासाठी हानले येथेच भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी उभारलेली ७० सेंटिमीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ पासून काम करते. स्फोटांच्या मागे धावण्याचा भार अशा यंत्रांनी अधिकाधिक उचलावा आणि मध्यम दुर्बिणींच्या वेळेचा ठरलेला वाटा दीर्घकालीन गुच्छ-सर्वेक्षणांसाठी राखावा, ही मागणी अवाजवी नाही. मोठी दुर्बीण आली की मध्यम दुर्बीण जुनी ठरत नाही. उलट मोठीने काय पाहावे हे तीच सुचवते.

संशोधकांचे मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनीही याची दखल घ्यायला हवी. १६५ रिकामे गुच्छ तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे काम आणि एक विक्रमी तारा शोधणाऱ्याचे काम यांना सारखे वजन मिळाले नाही, तर छेद मोजायला कोणी उरणार नाही. संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांत प्रत्येक आकड्यासोबत त्याची मर्यादा आणि आधीचा वेगळा आकडा छापणे ही तर विनाखर्चाची सुधारणा आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र यांपैकी कशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. ‘गाया’ उपग्रहाची जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची सुमारे १८० कोटी खगोलांची स्थाने आणि तेजस्विता विनामूल्य देते. त्यांतील बहुतेकांचे अंतर आणि गतीही तिच्यात आहे. महाविद्यालयातील एक साधा संगणक आणि एक आठवड्याची चिकाटी एवढ्यावर एनजीसी ७४१९ चे संभाव्य सदस्य निवडून त्यांचा रंग-तेजस्विता आलेख काढता येतो. पाच तांबडे तारे उजवीकडे एका बाजूला पडलेले दिसतील, डावीकडचा वरचा कोपरा निळ्या महाराक्षसींवाचून ओकाबोका असेल आणि वळणबिंदू नेमका कुठे धरायचा यावर दोन मित्रांचे एकमत होणार नाही. त्या मतभेदापाशी पाठ्यपुस्तक संपते आणि संशोधन सुरू होते.

डिसेंबर २०२२ मध्ये हानलेभोवतीचा प्रदेश भारतातील पहिले अंधारे-आकाश अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला. रात्रीचा काळोख ही राखून ठेवण्याजोगी संपत्ती आहे हे शासनाने मान्य केले, ही मोठी गोष्ट. त्या काळोखाखाली काय पाहायचे हा पुढचा निर्णय आहे. वृषपर्व्यातील ते पाच तारे येत्या काही लाख वर्षांत एकेक करून फुटतील किंवा मूकपणे कोसळतील. मानवी हिशेबात त्यांना घाई नाही. घाई नसलेल्या गोष्टीसाठीही दर वर्षी थोड्या रात्री राखून ठेवता येणे, यातच एखाद्या देशाच्या विज्ञानाची प्रौढता दिसते.